स्लाइडवर आला की कोडचा रंग उडतो: बिघाड कुठे आहे ते आधी शोधा

जून उजाडून कॉलेजं सुरू झाली की ओळखीच्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. रत्नागिरीचे असोत, देवरुखचे असोत नाहीतर कुडाळचे, गाऱ्हाणं एकच. एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, कोड छान रंगीत दिसतो, स्लाइडवर पेस्ट केला की सगळा काळा. कुणाचे रंग येतात, पण इतके फिके की पांढऱ्यावर दिसतच नाहीत. कुणाच्या ओळी विस्कटतात. कुणाचं घरी सगळं ठाकठीक असतं आणि पेन ड्राइव्ह हॉलमधल्या मशीनला लावला की बोंब. यावर बहुतेकांनी शोधलेला उपाय म्हणजे हाताने रंगवणं. एकेक शब्द निवडायचा, 'फॉर' निळा, 'रिटर्न' निळा, अवतरणातला मजकूर लाल. मोठं सादरीकरण असेल तर रात्र त्यातच जाते, आणि पुढच्या वर्षी कोडमध्ये एक ओळ वाढली की पुन्हा तेच रंगकाम.

हे रंगकाम सोडा, एवढंच माझं म्हणणं आहे. रंग एडिटरने दिलेलेच असतात. ते वाटेत कुठे गळतात तेवढं शोधायचं. गळायला तीनच जागा आहेत: कॉपी करताना, पेस्ट करताना आणि फाइल दुसऱ्या मशीनवर उघडताना. कौलारू घरात पाणी जिथे ठिबकतं तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही, तसंच इथे. स्लाइडवर दिसणारा दोष बऱ्याचदा एडिटरमधल्या सेटिंगचा असतो आणि आपण मात्र पॉवरपॉइंटचे मेनू धुंडाळत बसतो.

आधी एक साधी चाचणी

एडिटरमधून चार ओळी कॉपी करा आणि स्लाइडवर न टाकता वर्डमध्ये किंवा लिबरऑफिस रायटरमध्ये पेस्ट करा. तिथे रंग आले तर कॉपी नीट झाली आहे, दोष पुढे आहे. तिथेही सगळं काळंच आलं तर स्लाइडकडे बघायचं कारणच नाही. एडिटर रंग देतच नाही.

हे असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर एकच गोष्ट जाते असं आपण धरून चालतो. पण तोच मजकूर एकाच वेळी दोन-तीन रूपांत जाऊ शकतो. एक रूप म्हणजे नुसती अक्षरं. दुसरं एचटीएमएल किंवा आरटीएफ, ज्यात रंग, फॉन्ट, आकार असं सगळं असतं. पेस्ट करणारा प्रोग्राम त्यातलं आपल्याला मानवेल ते उचलतो. म्हणजे रंग गेले याचे अर्थ दोन: रंगीत रूप क्लिपबोर्डवर गेलंच नाही, किंवा गेलं पण समोरच्याने ते उचललं नाही.

व्हीएस कोड रंगीत रूप मुळातच देतो. रंगासकट कॉपी करण्याचं सेटिंग त्यात आधीपासून चालू असतं. कुणी ते बंद केलं असेल तर सेटिंग्जमध्ये 'कॉपी विथ सिंटॅक्स हायलाइटिंग' असं शोधा आणि पुन्हा चालू करा. एवढ्यापुरतंच हवं असेल तर कमांड पॅलेटमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या पट्टीत, याच नावाची आज्ञाही आहे. नोटपॅड++ मध्ये साध्या कंट्रोल-सीने रंग येत नाहीत. तिथे प्लगइन्स मेनूत एनपीपी-एक्स्पोर्ट नावाचं कलम असतं, त्यातला 'कॉपी आरटीएफ टू क्लिपबोर्ड' हा पर्याय घ्यायचा. पायचार्म, इंटेलिजे वापरणाऱ्यांची सोय त्याहून चांगली: सेटिंग्जमध्ये एडिटरच्या जनरल पानावर रिच टेक्स्ट कॉपीचा भाग आहे, आणि कॉपीसाठी वेगळी रंगसंगती तिथेच ठरवता येते. म्हणजे स्वतः काळ्या पडद्यावर काम करा, कॉपी मात्र पांढऱ्यासाठीच्या रंगांत होईल.

पायथनसोबत येणाऱ्या आयडलमधून मात्र नुसती अक्षरंच येतात. तिथे कितीही खटपट केलीत तरी रंग येणार नाहीत. फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडायची. आणि टर्बो सी++? तो १९९० साली आला आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांतून अजून गेलेला नाही. डॉसबॉक्सच्या (जुने डॉस प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) निळ्या खिडकीतली ती पिवळी अक्षरं विंडोजच्या क्लिपबोर्डवर सरळ येत नाहीत, म्हणून लोक त्या निळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून स्लाइडवर लावतात. तसं करायची गरज नाही. टर्बो सीमध्ये लिहिलेली फाइल ही साधी मजकुराचीच फाइल असते. बहुतेक ठिकाणी ती टर्बो सीच्या बिन फोल्डरमध्येच पडलेली सापडते. ती व्हीएस कोडमध्ये किंवा नोटपॅड++ मध्ये उघडा, रंग आपोआप लागतात.

कॉपीच्याच टप्प्यातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. घरच्या मशीनवरून कॉलेजच्या मशीनवर कोड न्यायला कितीतरी जण तो स्वतःलाच व्हॉट्सॅपवर मेसेज करून ठेवतात. मेसेजमधून रंग जातच नाहीत. शिवाय व्हॉट्सॅपच्या दृष्टीने तारांकन म्हणजे ठळक आणि अधोरेषा म्हणजे तिरपं अक्षर. गुणाकाराचं चिन्ह आणि अधोरेषा असलेली नावं यांनी भरलेल्या कोडचं त्यात काय होत असेल ते सांगायला नको. पाठवायचंच तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रंग आले, पण दिसत नाहीत

हा सगळ्यात जास्त भेटणारा आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने दुरुस्त होणारा प्रकार. गणपतीला गावी आलेला माजी विद्यार्थी, पुण्यात नाहीतर मुंबईत नोकरीला असलेला, कॉलेजात मुलांशी बोलायला येतो. त्याचा एडिटर अर्थातच काळा. त्याने कोड उचलून पांढऱ्या स्लाइडवर टाकलेला असतो. रंग आलेले असतात, पण काळी पार्श्वभूमी एडिटरमध्येच राहिलेली असते. फंक्शनची नावं फिक्या पिवळ्या अक्षरांत, पांढऱ्या पडद्यावर. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हितनं काय एक दिसत नाय."

मुलांच्या डोळ्यांत काही दोष नाही, हा साधा हिशेब आहे. व्हीएस कोडच्या 'डार्क प्लस' थीममध्ये, म्हणजे रंगसंगतीत, फंक्शनच्या नावाला जो फिका पिवळा रंग आहे, त्याचा पांढऱ्याशी उठाव (कॉन्ट्रास्ट) काढला तर सुमारे १.४ ला १ इतकाच भरतो. वेबवरच्या वाचनीयतेसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे जे सर्वमान्य निकष आहेत, ते साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ मागतात. म्हणजे तो पिवळा कशातच बसत नाही. उलट पांढऱ्यासाठीच्या 'लाइट प्लस' थीममधला टिपणांचा (कॉमेंट्सचा) हिरवा ५ च्या थोडा वर जातो आणि भाषेच्या राखीव शब्दांचा, म्हणजे की-वर्डचा, निळा साडेआठच्या आसपास.

मग पुष्कळ जण स्लाइडच काळी करतात. दिव्याखाली लॅपटॉपवर ती देखणी दिसते, पण प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो. त्याचा काळा म्हणजे त्या खोलीत पडद्यावर आधीच जेवढा उजेड पडलाय तेवढा. आपल्याकडच्या हॉलना मोठ्या खिडक्या, पंखे इन्व्हर्टरवर, आणि उकाड्यात खिडक्या बंद करा म्हणायची सोय नाही. अशा खोलीत काळी स्लाइड करडी होते आणि तिच्यावरची राखाडी टिपणं विरून जातात. म्हणून मी सरळ सांगतो: वर्गासाठी पांढरी स्लाइड, गडद अक्षरं. मोठ्या शहरातल्या परिषदेत अंधाऱ्या सभागृहात बोलायचं असेल तर काळी खुशाल वापरा.

उपाय अगदी छोटा आहे. कॉपी करण्याआधी व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-टी दाबा, थीमची यादी येईल, त्यातली उजळ थीम निवडा, कॉपी करा, मग परत आपली काळी लावा. कोडचं पहिलं अक्षर उचलण्याआधी हे झालं पाहिजे. पेस्ट केल्यावर थीम बदलून उपयोग नाही.

रंगांबद्दल एक आगाऊ सल्ला: कमी रंगांची थीम घ्या. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारी मुलं बहुतेक वर्गांत असतात आणि ती हात वर करून तसं सांगत नाहीत. की-वर्ड ठळक अक्षरांत देणारी थीम मिळाली तर रंग पुसट झाला तरी वाचणाऱ्याचं अडत नाही.

पेस्ट करताना

पॉवरपॉइंटला पेस्ट करताना आपल्या थीमचे रंग लावायची हौस असते. म्हणून कंट्रोल-व्ही दाबून झाल्यावर कोपऱ्यात जो छोटा चौकोन येतो त्याकडे दुर्लक्ष करू नका. नुसता कंट्रोल दाबला की तो उघडतो, आणि मग के दाबलं की 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे मूळचे रंग ठेवून पेस्ट होतं. टी दाबलं तर फक्त अक्षरं. बोटांना सवय लागली की माउसला हातही लावावा लागत नाही. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पेस्ट स्पेशलची खिडकी उघडते, त्यात एचटीएमएल किंवा आरटीएफ निवडायचं. हीच तीन बटणं बाकीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मात्र रंग काढून नुसती अक्षरं पेस्ट करतात, तेव्हा सवयीने दाबू नका.

आता कोड कुठे पेस्ट करायचा हा मुद्दा, आणि माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथे आहे. नवी स्लाइड घेतली की मधोमध 'मजकूर लिहा' म्हणून जी तयार चौकट असते ती कोडसाठी नाही. एक तर तिथे प्रत्येक ओळीआधी ठिपका येतो. व्हीएस कोडमधून आलेली प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद ठरतो आणि ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये प्रत्येक परिच्छेदाआधी १० पॉइंटची जागा सोडलेली असते, त्यामुळे ओळी एकमेकींपासून फटकून उभ्या राहतात. मजकूर मावेनासा झाला की चौकट स्वतःच अक्षरं बारीक करते. एका स्लाइडवर कोड २४ चा, पुढच्यावर १८ चा, त्याच्या पुढे १४ चा, आणि हे कुणी केलं ते कळत नाही. आणि शेवटी, कुणी स्लाइड नीटनेटकी करायला म्हणून 'रीसेट' दाबलं तर या चौकटीतलं सगळं मूळपदावर येतं. रंगासकट.

म्हणून इन्सर्टमधून साधा टेक्स्ट बॉक्स घ्या. त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट शेपमध्ये जा, टेक्स्ट बॉक्सच्या पर्यायांत 'डू नॉट ऑटोफिट' निवडा आणि 'रॅप टेक्स्ट इन शेप'ची खूण काढा. आता ओळ लांब झाली तर ती चौकटीबाहेर जाईल, दुमडणार नाही. हेच हवंय. दुमडलेली ओळ पायथन शिकणाऱ्या मुलाला दोन ओळी वाटते, आणि बाहेर गेलेली ओळ तुम्हाला लगेच दिसते. फॉन्ट आणि आकार लावून झाले की त्याच बॉक्सवर राइट क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट टेक्स्ट बॉक्स' करा. त्या फाइलपुरता प्रश्न संपला. हीच फाइल कोरी करून साच्यासारखी ठेवली तर पुढच्या सत्रालाही संपला.

व्हीएस कोडमधून आलेला मजकूर पहिल्यांदा फार बारीक दिसेल. एडिटरचा नेहमीचा आकार १४ पिक्सेल असतो आणि त्याचे स्लाइडवर साडेदहा पॉइंट होतात. घाबरू नका. बॉक्सच्या आत कंट्रोल-ए करून आकार २४ करा. आकार बदलल्याने रंगाला धक्का लागत नाही.

आणि टॅब. कोडमध्ये डावीकडचं अंतर टॅबने दिलेलं असेल तर स्लाइडवर एकेक टॅब एक-एक इंचाचा होतो आणि तिसऱ्या पातळीवरचा कोड पार उजव्या काठाला जाऊन बसतो. स्लाइडवर बसून टॅबचे थांबे ओढत बसू नका. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' ही आज्ञा आहे, ती देऊन मग कॉपी करा.

किती ओळी मावतात

याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा मोजून दिलेलं बरं. कॉन्सोलास फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या ०.५५ पट असते, कुरिअर न्यूमध्ये ०.६ पट. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची, म्हणजे ९६० पॉइंट. दोन्ही बाजूंना साठ-साठ सोडले तर उरले ८४०. कॉन्सोलास २४ चं एक अक्षर १३.२ पॉइंट घेतं, म्हणजे ओळीत साधारण ६३ अक्षरं. पायथनच्या पेप ८ या लेखननियमांत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे. म्हणजे नियमात बसणारा कोडसुद्धा २४ च्या आकारात स्लाइडवर बसेलच असं नाही. ७९ बसवायची तर आकार १९ वर आणावा लागतो.

त्यात आणखी एक गंमत. जुन्या हॉलमधले प्रोजेक्टर अजून ४:३ चे आहेत. रुंद स्लाइड त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून लहान होते, आणि २४ चं अक्षर ४:३ च्या स्लाइडवरच्या १८ एवढंच दिसतं. त्यामुळे हॉल कुठला आहे ते आधी विचारा. ४:३ ची स्लाइड केली तर ती १० इंच रुंद, दोन्हीकडे चाळीस-चाळीस पॉइंट सोडून २४ च्या आकारात ४८ अक्षरं. ओळ ४८ मध्ये बसत नसेल तर नावं आखूड करायची किंवा ओळ योग्य जागी आपणच तोडायची. उभ्यात मथळा सोडून चौदाएक ओळी बसतात, पण मी दहाच्या वर जात नाही. चौदा ओळींचा कोड पडद्यावर टाकला की मुलं तो उतरवून घ्यायला लागतात आणि तुमचं बोलणं हवेत जातं.

मराठी टिपणं

इंग्रजीतल्या उपायांत याचा उल्लेखही सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. मी पहिल्या वर्षाला समुद्राच्या भरतीची वेळ काढणारा छोटा प्रोग्रॅम देतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. पहिली वेळ द्यायची, पुढच्या वेळा प्रोग्रॅमने छापायच्या. मिरकरवाडा बंदराच्या आसपासच्या मुलांना उत्तर बरोबर आलं की नाही ते सांगावं लागत नाही, घरी माहीत असतं. त्यात टिपणं मराठीत असतात: 'इथून पुढची भरती', 'मिनिटं साठच्या वर गेली तर तास वाढवा'.

हाच कोड स्लाइडवर आला की मराठी टिपण असलेली ओळ बाकीच्यांपेक्षा उंच होते आणि सगळा ठोकळा वर-खाली हलल्यासारखा दिसतो. कारण कॉन्सोलासमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तेवढ्या तुकड्यासाठी संगणक दुसरा फॉन्ट आणतो, विंडोजवर बहुधा निर्मला यूआय नाहीतर मंगल. काना-मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते, म्हणून त्या फॉन्टची ओळ मुळातच उंच. उपाय: सगळा बॉक्स निवडून परिच्छेदाच्या खिडकीत लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करा. २४ च्या अक्षराला ३२ पॉइंट देऊन बघा. उकार कापला जात असेल तर दोन पॉइंट वाढवा. टिपणांचा आकार हवा तर कोडपेक्षा एका पायरीने कमी ठेवा. देवनागरी त्याच आकारात अनेकदा मोठी वाटते.

लिबरऑफिसमध्ये वेगळी अडचण. तिथे अक्षरांच्या खिडकीत पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या लिपी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरवायचे असतात. एक बदलला आणि दुसरा राहिला की इंग्रजी कोड मोठा आणि मराठी टिपण एवढंसं, असा प्रकार होतो. देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी नेमून टाका.

ओळीच्या शेवटी सगळी टिपणं एका रेषेत लावायचा मोह टाळा. कोडच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं, देवनागरीत 'क्ष' आणि 'र' सारख्या रुंदीचे नसतात. टिपण आपलं वरच्या ओळीवर लिहावं. आणि टिपण लिहून झाल्यावर कीबोर्ड इंग्रजीवर आणायला विसरू नका: कोडमध्ये इंग्रजी अंकाऐवजी देवनागरी अंक पडला की पायथन ती ओळ नाकारतो. मजा म्हणजे अवतरणातला देवनागरी आकडा 'इंट'ला दिला तर तो बिनतक्रार संख्या करून देतो.

स्लाइडवरच कोड टाइप करणाऱ्यांसाठी

करू नका. पॉवरपॉइंट सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, ओळीचं पहिलं अक्षर मोठं करतो. स्लाइडवर डोळ्यांना फरक जाणवत नाही. मुलं तो कोड तिथून उचलून चालवतात आणि पायथन 'इन्व्हॅलिड कॅरेक्टर' म्हणतो; मग अर्धा तास मुलगा आपलं काय चुकलं ते शोधतो. टाइप करावंच लागत असेल तर ऑप्शन्समध्ये प्रूफिंग, त्यात ऑटोकरेक्टचे पर्याय, त्यातून हे सगळं बंद करा. पेस्ट केलेल्या कोडला हा रोग होत नाही, हे पेस्ट करण्याच्या बाजूने आणखी एक कारण.

लाल नागमोडी रेघांचं म्हणाल तर त्या सादरीकरण चालू असताना दिसत नाहीत. तरी खटकत असतील तर रिव्ह्यूमध्ये भाषेच्या खिडकीत 'स्पेलिंग तपासू नका' अशी खूण आहे.

घरी चालतं, हॉलमध्ये नाही

हा फॉन्टचा प्रश्न, दुसरं काही नाही. कॉन्सोलास विंडोजसोबत येतो, लिनक्सवर तो नसतो. तुम्ही हौसेने जेटब्रेन्स मोनो किंवा फिरा कोड उतरवून घेतला असेल तर हॉलच्या मशीनवर तो असण्याची शक्यता जवळजवळ नाही. मग मशीन दुसरा फॉन्ट लावतं, तो सारख्या रुंदीचा नसला की डावीकडची अंतरं बिघडतात. रंग शाबूत, रचना गेलेली: ही खूण दिसली की फॉन्टच समजा.

पॉवरपॉइंटमध्ये ऑप्शन्स, सेव्ह, आणि तिथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'. फॉन्टचा परवाना आड येत नसेल तर तो फाइलमध्येच बसतो. हॉलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिस असेल तर सरळ डेजावू सान्स मोनो वापरा. कुरिअर न्यू विंडोजवर आणि मॅकवर सापडतो हे खरं, पण त्याची अक्षरं इतकी बारीक रेघांची आहेत की पडद्यावर रंग उठतच नाही. आणि कोणताही फॉन्ट घ्या, जोडचिन्हं करणारा नको. 'बरोबर नाही' यासाठीची दोन चिन्हं (!=) जोडून एक सुबक चिन्ह दाखवणारे फॉन्ट अनुभवी माणसाला आवडतात. पहिल्या वर्षाचा मुलगा मात्र ते चिन्ह कीबोर्डवर शोधत बसतो. कॅस्केडिया आवडत असेल तर त्यातला 'कॅस्केडिया मोनो' घ्या, त्यात ही जोडणी नाही.

याशिवाय पीडीएफ काढून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा. त्यात फॉन्ट आत असतो, ऑफिसची आवृत्ती कुठलीही असो. ॲनिमेशन जातं, जाऊ दे.

चित्र लावलं तर?

लावा, पण कधी लावायचं ते ठरवून. कार्बनसारख्या साइटवर कोड टाकला की सावलीसकट देखणं चित्र मिळतं. व्हीएस कोडमध्ये कोडस्नॅप हे एक्स्टेंशन तेच काम नेटशिवाय करतं. पावसाळ्यात इकडे वीज आणि नेट दोन्ही लहरीवर चालतात, म्हणून मला दुसरं बरं वाटतं. प्रात्यक्षिक परीक्षेचा कोड किंवा पासवर्ड असलेला कोड ऑनलाइन साइटवर टाकूच नये, हे वेगळं. चित्रात रंग उडत नाहीत, फॉन्ट बदलत नाही. मात्र एक ओळ बदलायची तर चित्र नव्याने काढा, आणि मुलांना त्यातून काही उचलता येत नाही.

चित्र धूसर येत असेल तर ते जेपेग आहे का बघा. जेपेग रंगांची माहिती काटकसरीने साठवतो, त्यामुळे लाल-निळ्या बारीक अक्षरांच्या कडा फिसकटतात. पीएनजी घ्या. पॉवरपॉइंटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' ही खूण करा. आणि ते चित्र व्हॉट्सॅपवरून साध्या फोटोसारखं पाठवू नका.

ज्यांच्याकडे स्लाइड ढिगाने आहेत

पिगमेंट्स ही पायथनमधली लायब्ररी २००६ पासून आहे आणि कोड रंगवण्याचं काम ती चोख करते. तिची पिगमेंटाइझ ही आज्ञा टर्मिनलमध्ये द्यायची, कोडची फाइल दाखवायची आणि आउटपुट आरटीएफ मागायचं. ती फाइल वर्डमध्ये उघडून कोड उचलला की झालं. फॉन्टचं नाव आणि रंगसंगती आज्ञेतच देता येते. आकार मात्र अर्ध्या पॉइंटांत द्यायचा असतो: २४ हवा तर ४८ लिहा, नाहीतर निम्माच येईल. पन्नास फाइली असतील तर चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. मॅकवर आणि लिनक्सवर 'हायलाइट' नावाचा छोटा प्रोग्रॅमही हेच करतो.

लिबरऑफिसवाल्यांना 'कोड हायलायटर २' हे एक्स्टेंशन आहे. ते पिगमेंट्सच वापरतं आणि इम्प्रेसमधल्या निवडलेल्या कोडला जागच्या जागी रंग लावतं. सरकारी अनुदानित प्रयोगशाळेत जिथे ऑफिसचा परवाना नाही, तिथे मी हेच सुचवतो.

मजकुरातूनच स्लाइड करणारे मार्प, रिव्हील, पॅनडॉक असे मार्गही आहेत. कोड रंगवून देणं त्यांच्यात अंगभूत असल्याने वरची निम्मी रडगाणी तिथे उद्भवतच नाहीत. पॅनडॉक तर पॉवरपॉइंटची फाइलही काढून देतो. रिव्हीलमध्ये एकेक ओळ उजळत पुढे जाता येतं, लूप समजावताना त्याचा फार उपयोग होतो. पण विभागातल्या दुसऱ्या कुणाला ती स्लाइड बदलायची असेल आणि त्याला पॉवरपॉइंटच येत असेल, तर तुमच्या सोयीपायी त्याची अडचण होते. लेटेकमधून स्लाइड करणारं बीमर वापरणाऱ्यांना एकच आठवण: कोड असलेल्या फ्रेमला 'फ्रॅजाइल' लिहिलं नाही तर भलत्याच ओळीवर चूक दाखवली जाते.

कुठल्याही मार्गाने जा, मूळ कोड वेगळ्या फाइलमध्ये, चालवून बघितलेला, सादरीकरणाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्ती नेहमी त्या फाइलमध्ये करायची आणि तिथून पुन्हा स्लाइडवर आणायची. तास संपल्यावर मुलांच्या ग्रुपवर स्लाइडसोबत तीच फाइल टाका. पडद्याचे फोटो काढायला मागची मुलं बाकांवर चढायची थांबतात.